टीप क्रमांक सदतीस

मकरपुऱ्यात, व्हॉल्व्हच्या कारखान्यात, वरच्या मजल्यावर
एप्रिल संपत आला आहे.
कूलरमध्ये पाणी घालायला कोणी उरलेलं नाही.
ऑडिटर हिरल कंसारा टेबलापलीकडून विचारते,
चहात साखर किती, असं विचारावं तशी:
बेन, हे बहुधा मान्य होईल, की बहुधा नाही?

आमच्या घरात शंकेला पुष्कळ शब्द होते.
बघू, म्हणजे नाही.
बहुतेक, म्हणजे जेवायला थांबू नका.
कदाचित पत्रात शोभायचा, तोंडी कोणी वापरत नसे,
आणि जमलं तर येतो म्हणणारा काका
कधीच आला नाही.
लेखामानकाला यांतला एकही नको.
पन्नासाच्या वर की खाली, तेवढं सांगा;
उंबऱ्यावर उभं राहायची सोय नाही.

रक्कम एक कोटी ब्याऐंशी लाख.
संशोधनावरची जादा वजावट, वर्ष जुनं.
खालच्याने नाकारली, वरच्यानेही,
आता अहमदाबादला ट्रिब्युनलात तारखेवर तारीख.
दर वर्षी मी ती टिपांमध्ये लिहिते, सदतिसाव्या,
जिथवर वाचत कोणी पोचत नाही.
विश्वामित्रीतल्या मगरीसारखी ती तिथे असते:
आहे, हे साऱ्या बडोद्याला ठाऊक,
पुलावर गाडी मात्र कोणी थांबवत नाही.

दावा टिपणीससाहेबांचा.
त्यांच्या सहीला शेवटी एक मोठा वेलांटा असायचा,
जणू सही संपली तरी हात आणखी काही सांगू पाहतोय.
कागद पक्का, तर पाय पक्का, म्हणायचे.
आता भिंतीवर आहेत, चंदनाच्या हारात.

आणि नियम म्हणतो:
अधिकारी सगळं तपासेल,
आणि त्याला सगळं माहीत असेल,
असंच धरून चाला.

कसला हा अधिकारी?
मी पाहिलेले, रेसकोर्सजवळच्या आयकर भवनातले,
फाइल सापडली की चष्मा हरवणारे,
बदलीच्या हुकमाकडे डोळे लावून बसलेले,
एकाने तर माझं आडनाव तीन नोटिसांत तीन तऱ्हांनी लिहिलं.
सगळं माहीत असलेला एकच पाहिला होता,
टिपणीससाहेबांच्या टेबलाच्या काचेखाली,
दौत-लेखणी घेतलेला चित्रगुप्त.
तिथे अपील नाही.

पण त्या वर्षी मी स्टोअरला होते, तेवीस वर्षांची,
आणि टेस्ट रिगचं रजिस्टर माझ्या अक्षरात आहे.
प्रयोग क्रमांक अकरा. प्रयोग क्रमांक बारा.
साहेब सांगायचे, मी लिहायची.
रिगवर चढायचे दहेजच्या ऑर्डरचे व्हॉल्व्ह,
रोजचेच,
गळतात की नाही एवढंच बघायला.
फक्त एकदा, पाळी सुटायच्या वेळी,
रमणभाई फिटरने एक सील उलटं बसवून पाहिलं
आणि दोन वर्षं छळणारी बारीक शिटी थांबली.
सगळे हसले. कोणीतरी सेव-उसळ मागवली.
तो एक दिवस खरा संशोधनाचा.
रजिस्टरात त्याची ओळ नाही.

म्हणजे सगळं माहीत असलेला अधिकारी
आत्ता याच खोलीत बसला आहे,
कूलरच्या कोरड्या वाऱ्यात,
आणि त्याने माझी ओढणी घेतली आहे.

बहुधा नाही, मी म्हणते.

हिरल पेन टेकवून थांबते.
मागच्या वर्षी तर हो होतं, बेन.
नवीन काय घडलं?

नवीन काहीच नाही.
रक्कम टिपेतून निघते, ताळेबंदात जाऊन बसते,
नफा तेवढ्याने खाली येतो.
सहा वाजता दुष्यंतभाईंचा फोन येईल,
तेही हेच विचारतील, जरा मोठ्याने.

तोवर दुसरं काम आहे.
सदतिसावी टीप गेली,
आता अडतिसावी सदतीस होईल, एकोणचाळिसावी अडतीस,
आणि आत कुठे कुठे तिचा उल्लेख आहे
ते पान उलटत शोधावं लागेल.